साडेतीन वर्षांच्या मुलीला डोळ्यांच्या तपासणीत 'रेफर' आलंय, पण तिला तर सगळं नीट दिसतं

रेवाची_आई

नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या. थोरली साडेतीन वर्षांची आहे. परवा तिच्या नर्सरीत डोळे तपासायला दोघीजणी आल्या होत्या, कॅमेऱ्यासारखं काहीतरी मशीन होतं म्हणे, त्यातून चिवचिव आवाज येतो आणि दिवे लुकलुकतात, पोरं तिकडे बघतात तेवढ्या पाच-दहा सेकंदांत काम झालं. संध्याकाळी दप्तरातून चिठ्ठी निघाली. 'रेफर' वर टिक आणि खाली एक ओळ, दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असण्याची शक्यता, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बस्स.

आता गंमत अशी की या बाईसाहेबांची नजर घरात सगळ्यात तेज. जमिनीवर मुंगी चालत असेल तर पहिली हिला दिसते, आकाशात ठिपक्याएवढं विमान असलं तरी हीच ओरडते, टीव्हीला चिकटून बसत नाही, डोळे चोळत नाही, डोकं दुखतं म्हणत नाही आणि तिरळी तर अजिबातच नाही. सासूबाई म्हणतात त्या मशीनलाच चष्मा लावा. नवरा म्हणतो सहा-आठ महिने थांबू, जरा अक्षरं वाचायला लागली की एकदाच काय ते नीट तपासून घेऊ. आतून मलाही तेच हवंय खरं सांगायचं तर, पण चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवलीये आणि येता-जाता खुपतेय.

आणि जाता जाता दुसरं. धाकटा पाच महिन्यांचा आहे, काही फोटोंत त्याचा एक डोळा नाकाकडे गेल्यासारखा दिसतो. सगळे म्हणतात लहान बाळांचे डोळे फिरतातच. तर त्यालाही सोबत दाखवू की ते उगाच होईल? आणि तिथे डोळ्यांत औषध घालून तासन्‌तास बसवतात असं ऐकलंय, ते खरंच लागतं का? साडेतीन वर्षांचं मूल, ज्याला एक अक्षर वाचता येत नाही, त्याची नजर मोजतात तरी कशी?

निवांत_बाबा

थांबू नका. एवढंच लिहून निघणार होतो पण तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि 'नजर तेज आहे' या वाक्यापाशी अडकलो, कारण शब्दाशब्दाने हेच मी म्हणालो होतो.

आमचा मुलगा तेव्हा चारचा. तिथे मशीन नव्हतं, चित्रांचा तक्ता होता, सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशी चारच चित्रं, खाली खाली लहान होत जाणारी. मुलाच्या हातात त्याच चार चित्रांचं कार्ड देतात आणि समोर दाखवतील ते कार्डावर बोट ठेवून सांगायचं, त्यामुळे वाचता येण्याचा काही संबंधच येत नाही (तुमचा शेवटचा प्रश्न इथे सुटला). डावा डोळा झाकला तर पठ्ठ्याने धडाधड सगळं सांगितलं. मग उजवा झाकला, आणि याची मान हळूहळू वाकडी व्हायला लागली. मी आपला कौतुकाने बघतोय की कसा मजेत नाचतोय. तपासणाऱ्या बाईंच्या लगेच लक्षात आलं की हा बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्याने चोरून बघतोय. त्यांनी चिकटपट्टीने डोळा पूर्ण बंद केला तर साहेब म्हणाले, मला घरी जायचंय.

चष्म्याचा नंबर निघाला उजवा प्लस १, डावा प्लस ५. डाव्याची नजर ६/३६. म्हणजे इतरांना जे ३६ फुटांवरून, सॉरी, मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवर जावं तेव्हा दिसणार. आणि हा मुलगा त्याच आठवड्यात चेंडू झेलत होता, कोडी जुळवत होता, कारण तो सगळा कारभार एका डोळ्यावर चालू होता आणि ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्याला कसं माहीत असणार, जन्मापासून त्याच्यासाठी 'दिसणं' म्हणजे तेच. घरी येऊन मी जुने सगळे फोटो पालथे घातले, एकाही फोटोत डोळा वाकडा नाही, काहीही नाही.

पुढचं थोडक्यात. आधी नुसता चष्मा, दिवसभर. पट्टी नाही, थेंब नाही. मला वाटलं टाळाटाळ चाललीये. पण चार महिन्यांत चष्म्यानेच ६/१८ वर आला. मग तिथे अडकला तेव्हा चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. आता दीड वर्ष होतंय, ६/९ आहे. पट्टीचे दिवस कसे काढले ते विचाराल तेव्हा वेगळं लिहीन, ते एक स्वतंत्र महाभारत आहे.

चष्मेवाली_ताई

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासते, रोज लहान मुलंच बघते म्हणून सविस्तर लिहिते.

रेवाच्या आई, आधी श्वास घ्या. 'रेफर' म्हणजे निदान नाही. ते मशीन आळशी डोळा (मेंदूने न वापरल्यामुळे डोळ्याची नजर कमी राहणं) पकडत नाही, पकडूच शकत नाही. ते काय करतं तर साधारण मीटरभरावरून डोळ्यांत इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, आपल्याला तो दिसत नाही, आणि आतल्या पडद्यावरून तो कसा परत येतो त्यावरून अंदाज बांधतं की दोन्ही डोळ्यांचा नंबर अंदाजे किती, दोघांत फरक किती, आणि दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघताहेत का. म्हणजे धोका आहे की नाही एवढंच. नजर प्रत्यक्षात किती आहे हे एकेक डोळा झाकून, मुलाकडून चित्रं ओळखून घेतल्यावरच कळतं. त्यामुळे चिठ्ठीचा अर्थ इतकाच, की कोणीतरी नीट बघा. रेफर आलेल्या मुलांतली बरीच ठीक निघतात. पण 'बरीच' मध्ये तुमची आहे का हे घरात बसून ठरवता येत नाही.

आता 'तिला तर सगळं दिसतं' याबद्दल. हो, तिला दिसतच असणार! दोन्ही डोळे उघडे असताना माणूस चांगल्या डोळ्याने बघतो. मुंगी, विमान, सगळं एक डोळा दाखवतो. आळशी डोळा हे नावच मुळात चुकीचं आहे माझ्या मते, डोळा बिचारा आळशी नसतो, मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र येतंय, दुसऱ्याकडून धूसर, दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, मग वाढता मेंदू सरळ धूसरवाल्याचा आवाज बंद करतो. तिरळेपणातही तसंच, दोन डोळे दोन दिशांना तर सगळं दोन-दोन दिसेल, ते नको म्हणून एकाला दाबून टाकतो. तिसरा प्रकार म्हणजे वाटच अडलेली, जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकेल इतकी खाली आलेली पापणी. हा तिसरा प्रकार कमी मुलांत असतो पण सगळ्यात घाईचा, तिथे महिने नाही, आठवडे मोजायचे असतात.

आणि हे लवकर का, तर ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर जे बघितलं त्यात याचं उत्तर आहे. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद ठेवला तर मेंदूतल्या ज्या पेशींनी त्या डोळ्याचं काम करायचं त्या दुसऱ्या डोळ्याच्या होऊन जातात. डोळा नंतर उघडला तरी, डोळ्यात काहीही दोष नसला तरी, दिसत नाही. हेच मोठ्या मांजराला केलं तर काही बिघडत नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे काम होतं. माणसाच्या पोरांत ही खिडकी, म्हणजे मेंदू अजून वळवता येण्याचा काळ, खूप मोठी असते, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चांगली उघडी, पण ती हळूहळू लोटली जात असते. म्हणून 'अक्षरं यायला लागली की बघू' हे मला पटत नाही. तुमचे मिस्टर सहा-आठ महिने म्हणतात, त्याने आभाळ कोसळणार नाही, पण मिळणार काय? चित्रांच्या कार्डांवर साडेतीनचं मूल आरामात उत्तर देतं. घरी आठवडाभर चार चित्रांचा खेळ खेळून गेलात तर आणखी सोपं.

थेंबांचं. लागतात, आणि लहान मुलांत तो तपासणीचा कणा आहे. लहान मुलाच्या डोळ्यात फोकस ओढायची ताकद इतकी असते की प्लस नंबर ते आतल्या आत लपवून टाकतं. थेंबांनी तो फोकस काही वेळ सैल पडतो आणि खरा नंबर बाहेर येतो. (म्हणूनच थेंबांशिवाय काम करणाऱ्या मशीनकडून प्लस नंबर कधी कधी सुटतो, हे लक्षात असू द्या, 'पास' म्हणजेही शंभर टक्के पास नाही.) थोडं चुरचुरतं, बाहुल्या मोठ्या होतात, उजेडाचा त्रास होतो, जवळचं धूसर दिसतं, नेहमीच्या थेंबांत दिवसभरात उतरतं. ॲट्रोपिन दिलं तर आठवडाभर किंवा जास्तही राहू शकतं. ॲट्रोपिनने चेहरा लाल झाला, अंग तापलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा. टोपी न्या, आणि थेंब घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकं बोट दाबून धरा, औषध घशात-पोटात कमी उतरतं.

घरी एक करून बघा. ती एखाद्या गोष्टीत गुंग असताना गंमत म्हणून एक डोळा तळव्याने झाका, मग दुसरा. एक झाकला की चालतं आणि दुसरा झाकला की हात ढकलते, चिडते, असं प्रत्येक वेळी झालं तर ती मोठी खूण. पण उलटं खरं नाही हं, शांत बसली म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

आता बाळ. त्याला सोबत न्याच. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून भटकतात ते चालतं, तुमचा पाच महिन्यांचा झाला, आता ती सबब संपली. डोळा सतत आतच असेल तर कुठल्याही वयात थांबायचं नाही. पण माझा अंदाज विचाराल तर नुसता भास असायची शक्यता भरपूर आहे. बाळांच्या नाकाचा पूल चपटा असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते, त्यामुळे नाकाकडचा पांढरा भाग झाकला जातो आणि डोळा आत गेल्यासारखा वाटतो, विशेषतः बाळ किंचित बाजूला बघत असलं की. बाळ सरळ कॅमेऱ्याकडे बघत असताना फ्लॅशचा फोटो काढा आणि बाहुलीतला चमकता ठिपका बघा. दोन्ही डोळ्यांत एकाच जागी असेल तर डोळे सरळ, एकात मध्ये आणि दुसऱ्यात बाहेरच्या कडेला असेल तर तिरळेपणा. फोटो सोबत न्या, डॉक्टरांना आवडतं ते.

एक गोष्ट मात्र वेगळी, त्यासाठी पुढची तारीख वगैरे नाही. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरट चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पुष्कळदा फोटोच्या कोनामुळे तसं दिसतं, पण मोतीबिंदूही असू शकतो आणि क्वचित पडद्यावरची गाठही, आणि ती गाठ कधी कधी नुसत्या तिरळेपणाच्या रूपात पहिल्यांदा दिसते. घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे न लिहिता पोस्ट बंद केली तर मला झोप येणार नाही.

शंकासुर

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. माझ्या भाचीला अशाच मशीनने रेफर केलं. बहिणीचा आठवडा रडण्यात गेला. मग तपासणी, थेंब, पोरगी किंचाळतेय, तीन तास, आणि निष्कर्ष काय तर काही नाही. वर एका ठिकाणी तिला प्लस सव्वाचा चष्मा लिहून दिला होता, दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले फेकून द्या. मशीन आणायचं, दिसेल त्या पोराला रेफर करायचं, मग चष्मे खपवायचे, धंदा आहे हा. शिवाय जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञ मंडळींचंही सगळ्या वयांसाठी एकमत नाही ना?

चष्मेवाली_ताई

शंकासुर दादा, अर्धं तुमचं बरोबर आहे आणि ते मान्य करायला मला काही लाज नाही.

चष्म्याचा किस्सा तर खासच बरोबर. लहान मुलांचे डोळे मुळात थोडे प्लसच असतात, प्लस एक-दीड दोन्हीकडे सारखा आणि नजर वयाला साजेशी, तर चष्म्याची गरज नसते. नंबर निघाला म्हणजे चष्मा, असं लहान मुलांत नसतं. त्यामुळे पालकांनी विचारायचंच, हा चष्मा कशासाठी, दोन डोळ्यांत फरक किती, चष्म्याशिवाय नजर किती आणि लावून किती. नीट तपासलं असेल त्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं तयार असतात.

मतभेदांचं पण खरं आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांवर शिफारस करणाऱ्या टास्क फोर्सने २०१७ मध्ये म्हटलं होतं की ३ ते ५ वर्षं वयात प्रत्येक मुलाची नजर-तपासणी एकदा तरी व्हावी, पण तीनच्या आतल्या मुलांसाठी पुरावा अपुरा आहे. तिथलीच बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र मशीनने वर्षाच्या मुलापासून बघता येईल म्हणते. ब्रिटनमध्ये चार ते पाच वर्षांच्या टप्प्यावर तपासणी धरतात. म्हणजे भांडण सुरुवात कधी करायची यावर आहे, चार-पाच वर्षांपर्यंत एकदा व्हावी यावर फारसं नाही. स्वीडनने चार वर्षांच्या सगळ्या मुलांची तपासणी अनेक वर्षं चालवली, तिथे खोलवर आळशी डोळ्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असायचं ते ०.२ वर आलं. रेवा साडेतीनची आहे म्हणजे अमेरिकेतल्या दोघांच्याही हिशेबात वयात बसते, ब्रिटनच्याही जवळ आलीच आहे.

आणि खोटा रेफर. बघा, जाळं बारीक विणलं तर कचरा जास्त येणार, मोठं विणलं तर मासे सुटणार, मशीनचा आकडा कुठे लावायचा हा कायम असाच वाद. तुमच्या भाचीचे तीन तास गेले, ते वाईटच, पण समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा. फक्त बहिणीला कोणी आधी सांगायला हवं होतं की रेफर म्हणजे आजार नव्हे. ते काम चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं, आणि ते वाईट करतात हे मी रोज बघते.

काठावरचा

वाचूनच सोडून देतो नेहमी, आज लिहितो. वय ३४, उजवा डोळा कामाचा नाही. कळलं कधी, तर १९ व्या वर्षी, डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून चोळत होतो आणि एका डोळ्याने समोरचा बोर्ड वाचायला गेलो तर बोर्ड होता पण अक्षरं नव्हती. तोपर्यंत मला वाटायचं मी धांदरट आहे, चेंडू नेहमी हाताच्या बाजूने जायचा, सुईत दोरा ओवताना हसायचे सगळे, ३डी सिनेमात लोक दचकायचे आणि मी चष्मा काढून बघायचो की नक्की आहे काय यात.

शाळेत डोळे तपासले होते आमचे. दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचायला लावला होता. पास झालो मी!

जगणं काही अडलं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त डाव्या डोळ्याला काही झालं तर मागे काही शिल्लक नाही हे डोक्यात असतं, म्हणून ग्राइंडरवर काम असो की झाडं छाटणं असो, न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घालतो, नंबर नसताना. चष्मेवाली ताई, आता काही होऊ शकतं का?

चष्मेवाली_ताई

काठावरचा, पहिलं म्हणजे तो न फुटणारा चष्मा सोडू नका, एक डोळा असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. उपचाराचं प्रामाणिकपणे सांगते, ७ ते १२ वयाच्या मुलांतसुद्धा चष्मा, पट्टी आणि थेंब मिळून निम्म्याच्या आसपास मुलांची नजर सुधारलेली अभ्यासात दिसलीये, त्यामुळे 'सात झाली, दार बंद' हे जुनं वाक्य आता कोणी म्हणू नये. मोठ्यांत मात्र फार थोडं आणि बेभरवशाचं. ३४ ला मी तुम्हाला आशा विकणार नाही. पण एकदा बाहुली मोठी करून नीट तपासून घ्या, कारण १९ व्या वर्षी कळलेली प्रत्येक कमी नजर आळशी डोळाच असते असं नाही, पडद्याचं काही नाही ना ते बघितलेलं बरं.

रेवाची_आई

बारा दिवसांनी येतेय, जाऊन आलो. सगळं लिहिते.

चार चित्रांचा खेळ घरी खेळून गेलो होतो त्याचा फायदा झाला, कार्ड बघून ती म्हणाली हे माझं आहे. उजवा ६/९, तो तिच्या वयाला ठीक म्हणाले. मग उजव्यावर चिकटपट्टी लावली आणि निवांत बाबा, तुमची आठवण आली हो, अगदी तस्संच, आधी मान वाकडी, मग पट्टीची कड खरवडायला लागली, मग 'आई तू सांग ना'. डावा ६/२४. थेंबांनंतर उजवा प्लस दीड, डावा प्लस साडेचार आणि थोडा सिलिंड्रिकल. माझ्या पोटात गोळाच आला. मुंगी उजव्याने दिसत होती म्हणजे!

डॉक्टर म्हणाले आत्ता फक्त चष्मा, जागेपणी पूर्ण वेळ, सहा-आठ आठवड्यांनी परत, सुधारत असेल तोपर्यंत पट्टी नाही. बाळाचं भास निघालं. ठिपका दोन्हीकडे सारखा, नाकावरची कातडी चिमटीत धरली तर डोळे एकदम सरळ दिसायला लागले, जादूच. आत लाल चमकही दोन्हीकडे सारखी आहे. पण बहिणीचा नंबर असा निघाला म्हणून त्याला वर्षाचा झाल्यावर परत आणा आणि मधे डोळा खरंच वळताना दिसला तर वाट बघू नका म्हणाले.

आता अडचण. चष्मा दहा मिनिटं टिकत नाही. आणि पुढे पट्टी लागलीच तर काय करायचं, आत्ताच झोप उडालीये.

निवांत_बाबा

महाभारत लिहायची वेळ आली तर. चष्मा आधी. फ्रेम नाकावरून घसरते का बघा, तसं असेल तर ती दिवसभर वरून बघणार आणि काढणार, चूक तिची नाही. कानामागे धरणारी मऊ दांडी किंवा मागून इलॅस्टिक लावा. आवडीच्या कामाला जोडा, गोष्टीचं पुस्तक चष्म्यासोबतच उघडतं, चष्मा काढला की पुस्तक मिटतं, चिडायचं नाही. आणि पहिल्या दिवशी चष्म्यातून फार काही चांगलं दिसत नाही त्यांना, उजव्याने तर आधीच दिसतंय, म्हणून त्यांना तो निरुपयोगी वाटतो. आम्हाला साधारण तीन आठवडे लागले, मग एक दिवस सकाळी उठून त्यानेच मागितला.

पट्टी लागलीच तर कातडीवर चिकटणारी घ्या, चष्म्यावर अडकवायची घेतली तर आमचा तिरपा होऊन बघायचाच. दोन तास म्हणजे सलग नको, सकाळी एक संध्याकाळी एक चालतं का विचारा, आम्हाला चालवून घेतलं. पट्टी लावलेली असताना जवळची बारीक कामं द्या, मणी, चित्रात रंग. पहिले आठ दिवस तो अक्षरशः अंधारात चाचपडल्यासारखा वागतो, जिन्यावर हात धरा. बाहुलीलाही पट्टी लावली आम्ही, अस्वलालाही, शेवटी मलाही, आणि तेव्हा मला कळलं हे काय असतं.

चष्मेवाली_ताई

दोन तासांवरून आठवलं, लोकांना वाटतं जितकी जास्त पट्टी तितकं बरं. मध्यम प्रकारात, म्हणजे रेवासारखं ६/२४ वगैरे, दोन तास आणि सहा तास यांची तुलना झालीये २००३ मध्ये आणि चार महिन्यांनी निकाल सारखाच. त्यामुळे कोणी दिवसभर बांधायला सांगितलं तर का ते विचारा. आणि पट्टी अजिबातच जमली नाही तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब हा पर्याय आहे, त्याने चांगला डोळा जवळचं धूसर बघतो आणि दुसऱ्याला कामाला लागावं लागतं, मध्यम प्रकारात तोही पट्टीच्या तोडीचा ठरलाय. पट्टी काय, थेंब काय, मनाने वाढवायचे नाहीत, चांगल्या डोळ्याचीच नजर उतरू शकते, म्हणून तारखा चुकवू नका.

अजून एक, हे सगळं संपल्यावर पालक सुटकेचा निःश्वास टाकून गायब होतात. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची नजर परत घसरते. पट्टी हळूहळू कमी करत आणायची, आणि चष्मा तर राहतोच. प्लस नंबरवाल्यांना 'कधी जाईल' हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो, त्याचं उत्तर बरीच वर्षं नाही हेच आहे.

शंकासुर

६/२४ वाचून गप्प बसलोय. भाचीला दोन्हीकडे ६/६ होतं, तेव्हा मी जरा जास्तच ताणलं. चष्म्यांच्या धंद्याबद्दल मात्र मत तेच.

रेवाची_आई

असू दे हो दादा, तुमच्यामुळेच मी तिथे 'का' विचारायला शिकले, तीनही आकडे वहीत लिहून आणलेत.

आज चष्मा अडीच तास टिकला, मागून इलॅस्टिक लावलं. आणि एक सांगायचंच राहिलं. काल रेवा आजीला म्हणाली तू पण खेळ, एक डोळा झाक. सासूबाईंनी हसत हसत उजवा झाकला, समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं, हात काढला, परत झाकला आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डावा पार धुकट आहे त्यांचा, कधीपासून ते त्यांनाही सांगता येईना. मोतीबिंदू असेल असं वाटतंय, सोमवारी दाखवायला नेतोय. फ्रिजवर आता रेवाच्या चिठ्ठीच्या जागी त्यांचा अपॉइंटमेंटचा कागद आहे, त्यांनी स्वतःच लावला.